कच्चा स्टेक: घरी आणल्यापासून तव्यावर जाईपर्यंत

तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडता, पाकीट बाहेर काढता आणि दिसतं की परवा लालभडक असलेला स्टेक कडेने तपकिरी पडलाय. आता हा खायचा की टाकायचा? स्टेक नव्याने घरी आणू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा हात इथे थबकतो. काही जण घाबरून चांगलं मांस टाकून देतात. काही जण नेमकं उलट करतात. लाल दिसतंय ना, मग चांगलंच असणार, असं म्हणून चार-पाच तास ओट्यावर पडून राहिलेलं मांसही तव्यावर टाकतात. दुसरी चूक जास्त महागात पडते, पण दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: आपण रंगावर जातो. मांस किती थंड राहिलं आणि किती दिवस राहिलं, हे विचारतच नाही.

स्टेक हातात आल्यापासून भाजायला घेईपर्यंत काय काय करायचं ते इथे क्रमाने सांगतो. स्टेक म्हणजे बीफच्या सलग स्नायूचा आडवा कापलेला जाड तुकडा. खिम्याचे नियम वेगळे आहेत आणि ते का वेगळे, हेही ओघात येईल.

आधी फ्रीज तपासा, मग मांस आणा

फ्रीजच्या आत १ ते ५ किंवा १ ते ७ असे आकडे असलेली चकती असते. ते आकडे म्हणजे तापमान नव्हे. फ्रीज किती जोर लावेल, एवढंच त्यातून कळतं. प्रत्यक्षात आत किती थंड आहे हे कळायला साधा फ्रीज थर्मामीटर लागतो. पाण्याने भरलेल्या पेल्यात तो बुडवा, पेला मधल्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी बघा. पाण्यात ठेवायचा तो अशासाठी, की दार उघडलं की हवेचं तापमान लगेच चढतं, पाण्याचं चढत नाही. त्यामुळे आतल्या पदार्थांना खरोखर किती थंडावा मिळतोय ते समजतं. आकडा ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी हवा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा आकडा ८ निघाला. फ्रीज बिघडलेला नव्हता. गार हवा जिथून आत येते त्या जाळीला चिकटून मी डबे रचून ठेवले होते आणि हवा फिरायला जागाच उरली नव्हती. डबे चार बोटं पुढे सरकवले, चकती एका आकड्याने वाढवली, दुसऱ्या दिवशी आकडा ३ वर आला. त्याआधी कित्येक महिने मी त्याच फ्रीजमध्ये मांस ठेवत होतो, ही गोष्ट आजही मनाला लागते.

४ अंशांचं एवढं कौतुक कशासाठी? ४ ते ६० अंश हा जिवाणूंच्या वाढीचा सुकाळ. या पट्ट्यात परिस्थिती मनासारखी असेल तर काही जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असं मोजत गेलात तर ४ तासांत एकाचे ४,००० हून जास्त होतात. फ्रीजच्या थंडीत ही वाढ थांबत नाही, फक्त खूप मंदावते. म्हणून फ्रीजमध्ये ठेवलेल्या मांसालाही दिवसांची मर्यादा असते.

विकत घेताना

स्टेक सगळ्यात शेवटी घ्या. बाकीची खरेदी आटोपेपर्यंत तो पिशवीत गरम होत राहू नये, एवढाच हेतू. पाकीट हाताला चांगलं गार लागायला हवं. कोपरा फाटलेला, पाणी झिरपणारं किंवा तळाशी बरंच पाणी साचलेलं पाकीट घेऊ नका. खूप पाणी सुटलं असेल तर मांस कधीतरी नीट थंड नव्हतं, नाहीतर बरेच दिवस पडून होतं, अशी शंका घ्यायला जागा असते.

त्या लालसर पाण्याला रक्त समजून बरेच जण दचकतात. ते रक्त नसतं. जनावर कापतानाच रक्त जवळजवळ सगळं निघून जातं. स्नायूचा सुमारे ७५ टक्के भाग पाण्याचाच असतो आणि त्या पाण्यात मायोग्लोबिन नावाचं लाल प्रथिन विरघळलेलं असतं. कापलेल्या बाजूने तेच थोडं थोडं पाझरतं. पाकिटाच्या तळाशी जी पांढरी घडी असते ती हे पाणी शोषायलाच ठेवलेली असते.

व्हॅक्यूम पॅक असेल तर तो मांसाला घट्ट चिकटलेला हवा. फुगलेला पॅक कितीही स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नका. आत जिवाणूंनी वायू केल्याशिवाय पॅक तसा फुगत नाही. पॅक फुगलेला नाही पण नुसता सैल पडलाय, तर कुठेतरी बारीक भोक पडून हवा आत गेली असेल. तोही ठेवून द्या.

वाटेत वेळ लागणार असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड पिशवी सोबत न्या. कच्चं मांस फ्रीजबाहेर एकूण २ तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त उकाडा असेल तर १ तास. यातला ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. येताना गाडीत ४० मिनिटं, आल्यावर ओट्यावर अर्धा तास आणि भाजण्याआधी बाहेर काढून ठेवला तेव्हाचा पाऊण तास, या सगळ्याची बेरीज होते. मधे फ्रीजमध्ये ठेवला म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

घरी आल्यावर

बाकीचं सामान नंतर लावा, आधी स्टेकचं बघा. तो आज-उद्या लागणार असेल आणि पाकीट धड असेल तर उघडू नका. जसा आहे तसा ठेवा. दोन-तीन दिवस ठेवायचा असेल आणि पाकीट साधं, ताणून बसवलेल्या प्लास्टिकचं असेल, तर मी ते काढून टाकतो. स्टेक किचन पेपरने दोन्ही बाजूंनी आणि कडांनीही टिपतो, कोरड्या डब्यात ठेवतो, झाकण सैल लावतो. जिवाणूंना ओल हवी असते. पृष्ठभाग कोरडा राहिला की त्यांचा जोर कमी होतो. शिवाय कोरडा स्टेक तव्यावर पडला की लगेच छान रंग धरतो, हा वरचा फायदा.

स्टेक नळाखाली धुवू नका. धुण्याची सवय अनेक घरांत पक्की असते, त्यामुळे हे पटायला जड जातं. पण पाण्याने जिवाणू निघून जात नाहीत, बारीक शिंतोड्यांसोबत सिंकभर, ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या भाज्यांवर उडतात. स्टेकच्या पृष्ठभागावरचे जिवाणू मारायचं काम तापलेला तवा करतो. वर हाडाची भुकटी किंवा कचरा दिसला तर ओल्या किचन पेपरने टिपून घ्या आणि तो कागद लगेच फेका.

ठेवायचा कुठे? सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या ताटलीत किंवा ट्रेमध्ये. चुकून थेंब गळलाच तर तो ट्रेमध्ये राहील, खालच्या कोशिंबिरीवर पडणार नाही. शिजवून ठेवलेलं आणि कच्चं खायचं ते वर, कच्चं मांस तळाला, हा क्रम कधी मोडू नका. दाराच्या कप्प्यात तर मांस ठेवूच नका, कारण दार उघडलं की सर्वात आधी तोच भाग तापतो.

आणि तारीख लिहा. चिकटपट्टीचा तुकडा, पेन, ‘स्टेक, १२ तारीख’ एवढंच. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. ‘परवा आणला होता बहुतेक’ यातल्या ‘बहुतेक’मुळेच घोळ होतात.

किती दिवस ठेवता येतो

४ अंशांच्या आतल्या फ्रीजमध्ये कच्चा स्टेक ३ ते ५ दिवस राहतो. मी स्वतः तिसरा दिवस हीच हद्द मानतो. त्या दिवशी भाजणं जमणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये टाकतो. कारण पाचातले किती दिवस दुकानातच सरले होते, हे आपल्याला ठाऊक नसतं. पाकिटावरची तारीख त्याआधी संपत असेल तर तीच पाळायची. तारखेत दोन प्रकार असतात. ‘या तारखेपर्यंत वापरा’ अशी असेल तर ती सुरक्षिततेची रेषा, ओलांडायची नाही. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असं लिहिलेलं असेल तर ते चव आणि दर्जाबद्दल असतं. पण दोन्ही तारखा पाकीट थंड आणि बंद राहिलं असं धरूनच छापलेल्या असतात.

व्हॅक्यूम पॅकमधला स्टेक जास्त टिकतो, कारण मांस झपाट्याने नासवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि तिथे तो नसतो. तिथे पॅकवरच्या तारखेवर जा. एकदा उघडला की मात्र त्याला साधा स्टेक समजा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

खिमा १ ते २ दिवस, त्यापुढे नाही. एकाच जनावराचं मांस, मग हा फरक का? सलग स्नायूच्या आत जिवाणू जवळजवळ नसतातच. ते सगळे बाहेरच्या बाजूला, सुरी आणि हात लागलेल्या भागावर असतात. म्हणून स्टेक बाहेरून चांगला भाजला की आतून गुलाबी असला तरी चालतो. दळताना मात्र बाहेरची बाजू आत जाते, सगळीकडे मिसळते आणि जिवाणूंना पसरायला भरपूर जागा मिळते. १९९३ साली अमेरिकेत नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ या जिवाणूची साथ पसरली. ७०० हून जास्त लोक आजारी पडले आणि ४ मुलं दगावली. तो खिमाच होता. तेव्हापासून खिमा पार आतपर्यंत ७१ अंशांवर शिजवा, हे तिथे आवर्जून सांगितलं जातं. स्टेकसाठी अधिकृत शिफारस आहे आत ६३ अंश आणि मग ३ मिनिटं विसावा.

यात एक अपवाद आहे आणि तो पाकिटावर बारीक अक्षरात लपलेला असतो. मऊ करण्यासाठी यंत्राच्या सुयांनी किंवा पात्यांनी टोचलेला स्टेक वरून अगदी साधा दिसतो, पण टोचताना बाहेरचे जिवाणू आत ढकलले गेलेले असतात. तसा उल्लेख दिसला तर स्टेक लवकर वापरा आणि आत कच्चट ठेवू नका. घरी काट्याने भोकं पाडून मसाला मुरवलात तरी हेच लागू.

मसाला लावून ठेवलेला स्टेकही फ्रीजमध्येच मुरवायचा, ओट्यावर नाही. मसाल्यामुळे दिवस वाढत नाहीत. कच्च्या मांसाचं उरलेलं मसाल्याचं पाणी वरून ओतायचं असेल तर आधी खळखळून उकळा.

फ्रीझरमध्ये ठेवताना

फ्रीझर उणे १८ अंश किंवा त्याखाली हवा. तिथे जिवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. गाढ झोपतात म्हणा. म्हणून ‘आता नासायला लागलाय, फ्रीझरमध्ये टाकून वाचवू’ हा विचार चुकीचा. ज्या अवस्थेत आत जाईल त्याच अवस्थेत बाहेर येईल. ताजा असतानाच गोठवा.

प्रत्येक स्टेक वेगळा गुंडाळा. प्लास्टिकची पातळ फिल्म मांसाला अगदी चिकटून बसली पाहिजे, मधे हवेचा फुगा नको. मग तो जाड फ्रीझर पिशवीत घाला. पिशवीतली हवा काढायची सोपी युक्ती अशी: पिशवीची झिप एका टोकाला थोडी उघडी ठेवा, पिशवी हळूहळू पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक मांसाला चिकटत जातं आणि हवा वर निघते. पाणी झिपच्या जवळ आलं की बंद करा. बाहेरून पुसा, तारीख लिहा आणि आडवी, सपाट ठेवा. पहिले काही तास पिशव्या एकावर एक रचू नका. स्टेक जितका झटपट गोठेल तितके आत बर्फाचे कण बारीक होतात. सावकाश गोठला तर कण मोठे होतात, स्नायूच्या पेशी फाडतात आणि वितळताना सगळा रस बाहेर येतो.

हवा राहिली तर काय होतं? कोरड्या थंडीत मांसातल्या बर्फाची पाणी न होताच वाफ होते. तिथे राखाडी-तपकिरी, चामड्यासारखे वाळके डाग पडतात. असे डाग दिसले म्हणून मांस नासलंय असं नाही, ते खाण्यास सुरक्षित असतं, पण तो भाग बेचव लागतो. डाग छोटे असतील तर तेवढा भाग कापून टाका, बाकीचा वापरा.

गोठवलेला स्टेक ४ ते १२ महिने चांगला राहतो. फ्रीझर सतत उणे १८ अंशांवर असेल तर पुढेही तो धोकादायक होत नाही, चरबी मात्र हळूहळू खवट होत जाते. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीजमधली थंडी सुमारे ४ तास टिकते, गच्च भरलेल्या फ्रीझरमधली ४८ तास, अर्ध्या भरलेल्या फ्रीझरमधली २४ तास. वीज आल्यावर स्टेकमध्ये बर्फाचे कण शिल्लक असतील किंवा तो ४ अंशांच्या आत असेल तर पुन्हा गोठवता येतो.

वितळवताना

सगळ्यात चांगला मार्ग फ्रीजचा. आदल्या रात्री ट्रेमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. बेताच्या जाडीचा स्टेक दुसऱ्या दिवशी तयार होतो. असा वितळलेला कच्चा स्टेक आणखी ३ ते ५ दिवस फ्रीजमध्ये राहू शकतो आणि बेत बदलला तर न शिजवता परत गोठवताही येतो, फक्त थोडा रस जातो.

घाई असेल तर बंद, न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदला. अर्ध्या किलोच्या आसपासचा तुकडा तासाभरात वितळतो. मायक्रोवेव्हमध्येही वितळवता येतो, पण कडा शिजायला लागतात. या दोन्ही प्रकारांत वितळला की लगेच शिजवायचा, परत ठेवायचा नाही. ओट्यावर रात्रभर वितळवू नका. आत बर्फ असतानाच बाहेरची बाजू कित्येक तास गरम हवेत राहते, आणि जिवाणू असतात ते बाहेरच्याच बाजूला.

खराब झाला हे ओळखायचं कसं

आता त्या तपकिरी स्टेककडे परत येऊ.

मायोग्लोबिनचे तीन रंग असतात. नुकत्या कापलेल्या, हवा न लागलेल्या मांसात ते जांभळट असतं. प्राणवायू लागला की अर्ध्या तासाच्या आत चेरीसारखं लाल होतं. आणखी काही दिवसांनी तेच तपकिरी पडतं. सफरचंदाची फोड काळी पडते तसंच साधारण समजा. दोन स्टेक एकमेकांना चिकटून ठेवले असतील तर चिकटलेली बाजू आधी तपकिरी होते, कारण तिथे हवा अगदी थोडी पोचते. म्हणजे तपकिरी रंग फार तर किती दिवस झाले आणि हवा किती लागली ते सांगतो, नासणं सांगत नाही. दुसऱ्या बाजूने, लाल रंग ताजेपणाची हमी देत नाही. काही पाकिटांत मुद्दाम जास्त प्राणवायू भरलेला असतो. अमेरिकेत तर ०.४ टक्क्यापर्यंत कार्बन मोनॉक्साइड असलेलं वायूंचं मिश्रण चालतं, त्यात मांस फार दिवस लाल दिसतं. युरोपीय संघात ते चालत नाही.

कापलेल्या बाजूवर उजेडात कधी कधी हिरवट-मोरपंखी चमक दिसते, पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो तशी. स्नायूचे धागे आडवे कापले गेले की त्यांच्या टोकांवर प्रकाश असा विखुरतो. तुकडा हातात थोडा तिरपा करा. रंग हलला, गेला, परत आला तर तो प्रकाशाचा खेळ आहे, काळजी नको. पण कुठूनही बघितलं तरी एकाच जागी बसलेला हिरवा किंवा हिरवट-राखाडी डाग, किंवा पांढरी, हिरवी, काळी केसाळ लव दिसली तर तो स्टेक गेला. बुरशीचा भाग कापून बाकीचा वाचवायच्या फंदात पडू नका.

रंगापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवा, पण वास घ्यायचीही पद्धत आहे. पाकीट उघडलं की पहिला भपकारा येतो तो साचलेल्या पाण्याचा आणि त्या शोषक घडीचा. त्यावर निर्णय देऊ नका. घडी काढून फेका, स्टेक टिपून स्वच्छ ताटलीत ठेवा, दोन मिनिटं स्वयंपाकघराबाहेर जाऊन या आणि मग जवळून वास घ्या. मधे बाहेर जायचं ते अशासाठी, की नाक एकाच वासाला पटकन सरावतं. ताज्या बीफचा वास अगदी मंद असतो, किंचित लोखंडासारखा, ओल्या नाण्यासारखा. आंबूस, कुबट, सडक्या अंड्यासारखा, अमोनियाचा किंवा जुन्या चीजसारखा वास आला तर स्टेक नासलाय.

व्हॅक्यूम पॅकबाबत मी स्वतः चूक केली आहे. पहिला पॅक उघडला तेव्हा जरासा आंबट, कोंडल्यासारखा वास आला, मांस जांभळट दिसत होतं, आणि मी दोन जाड, उत्तम स्टेक सरळ कचऱ्यात टाकले. पुढच्या वेळी एका अनुभवी खाटकाने समजावलं की बंद पॅकमध्ये वेगळ्या जातीचे जिवाणू वाढतात. दह्यात असतात त्यांच्या जातकुळीतले. त्यांचा तो साचलेला वास हवा लागली की निघून जातो. आता मी उघडून टिपतो, फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत १५ ते ३० मिनिटं ठेवतो आणि मग बघतो. मांस लाल होतं, वास विरतो. अर्ध्या तासानेही आंबूस वास तसाच राहिला तर मात्र टाकतो.

तिसरी खूण बोटाला कळते. चांगला स्टेक दमट असतो, पण बोट फिरवलं की मांसाचे धागे जाणवतात. नासायला लागलेल्या स्टेकवर बुळबुळीत थर येतो. बोट टेकवून हळूच उचललं तर चिकट लागतं, जास्त नासला असेल तर बारीक तार सुटते. हा थर म्हणजे जिवाणूंच्याच वसाहती. एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ कोटी जिवाणू झाले की वास येऊ लागतो आणि १० कोटींच्या आसपास हा बुळबुळीतपणा हाताला लागतो. यावरून लक्षात येईल की तो थर धुऊन काढला तरी मांस चांगलं होत नाही. लिंबू, व्हिनेगर किंवा झणझणीत मसाल्यानेही होत नाही. नुकत्याच वितळलेल्या स्टेकला मात्र पाणी सुटतं. तो ओला असतो, बुळबुळीत नाही. टिपला की कोरडा होतो. खरा थर टिपूनही जात नाही. हाताने तपासून झाल्यावर २० सेकंद साबणाने हात धुवा.

चव घेऊन बघू नका, अगदी एक कण शिजवूनही नाही.

नाकाला न कळणारा धोका

मांस नासवणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. पहिले वास करतात, थर धरतात, आपल्याला सावध करतात. साल्मोनेला, ई. कोलायचे घातक प्रकार आणि लिस्टेरिया असं काहीच करत नाहीत. त्यांच्यामुळे मांसाचा वास, रंग, स्पर्श बदलत नाही. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेला स्टेक सकाळी फुलासारखा ताजा वाटला तरी टाकायचाच. तिथे नाकाचं ऐकायचं नाही, घड्याळाचं ऐकायचं.

‘चांगला शिजवला की सगळं मरतं’ हे वाक्यही अर्धंच खरं आहे. जिवाणू मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उष्णतेने जात नाही. हातावाटे अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं विष उकळूनही टिकतं. घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कोणी असेल तर त्यांच्या ताटात आतून गुलाबी स्टेक वाढू नका, आणि ‘चांगला आहे की नाही’ अशी शंका जरी आली तरी तो तुकडा बाजूला करा.

टाकायची वेळ आली तर

नासलेला स्टेक पाकिटासह एका पिशवीत घाला, गाठ मारा, ती दुसऱ्या पिशवीत घालून परत गाठ मारा. कुत्र्या-मांजरांना घालू नका, त्यांनाही बाधतो. मग फ्रीजचा तो ट्रे आणि कप्पा गरम पाणी व साबणाने घासा. पाणी गळलं असेल तर दाराचं रबर आणि कप्प्याच्या खालची फटही बघा, वास बहुतेक तिथेच अडकून बसतो. त्यानंतर सुमारे ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा बिनवासाचं क्लोरीन ब्लीच मिसळून पुसा आणि हवेवर वाळू द्या. ज्या फडक्याने घासलं ते लगेच गरम पाण्यात धुवायला टाका. तेच फडकं परत ओट्यावर फिरवलं तर जिवाणू फ्रीजमधून ओट्यावर येतील. आणि फ्रीज रिकामा आहे तोवर पाण्याचा पेला आणि थर्मामीटर पुन्हा मधल्या कप्प्यात ठेवा. स्टेक दिवसांच्या आतच नासला असेल तर आधी तोच आकडा बघायचा.